बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात?

गेल्या अंकात मी एवढंच विचारलं होतं, की सगळं जग हादरवणारी एखादी बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, ते आठवतं का. मागवल्या होत्या आठवणी, आले प्रश्न. आणि त्यातही निम्म्या पत्रांत सरळसरळ तक्रारी, त्याही घरच्याच माणसांविरुद्ध. माझी सगळी नोकरी मानसशास्त्र शिकवण्यात गेली. स्मृतीचा पेपर तर मी दर वर्षी मागून घ्यायचे. त्यामुळे ही पत्रं वाचताना मला फार मजा आली, हे आधीच सांगून टाकते. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे. तेच भांडण पात्रं बदलून आणखी बऱ्याच घरांतून माझ्याकडे आलं आहे. त्या सगळ्यांनी हेच उत्तर आपलं समजावं.

मॅडम, नमस्कार. ११ सप्टेंबर २००१ ची गोष्ट. मला स्वच्छ आठवतं, मी घरी एकटी अभ्यास करत बसले होते. दादाचा फोन आला, ‘आधी टीव्ही लाव.’ दादा म्हणतो, फोनबिन काही नाही. तो घरीच होता, आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो आणि पहिलं विमान इमारतीवर आदळताना आम्ही थेट पाहिलं. माझ्या अंगातल्या स्वेटरचा रंगसुद्धा त्याला आठवतो म्हणे! वीस वर्षांहून जास्त काळ हा वाद चालू आहे. आता तर त्याची मुलंही त्याच्या बाजूने साक्ष देतात. तेव्हा ती जन्मलीही नव्हती. एकदाचा निकाल द्या.

निम्मा निकाल लगेच देते. पहिलं विमान तुम्ही दोघांनी थेट पाहिलं नाही, कारण ते थेट कुणीच दाखवलं नाही. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटं झाली होती, आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासहा. त्या क्षणी त्या इमारतीवर कॅमेरा रोखून बसायला कुठल्याही वाहिनीला काही कारण नव्हतं. अग्निशमन दलावर माहितीपट करणारा एक फ्रेंच चित्रपटकार तेव्हा रस्त्यावर होता, त्याच्या कॅमेऱ्यात तो क्षण योगायोगाने सापडला आणि ते चित्रण लोकांसमोर आलं ते नंतर. थेट दिसलं ते दुसरं विमान, ९ वाजून ३ मिनिटांनी, कारण तोवर जगभरचे कॅमेरे पहिल्या इमारतीच्या धुराकडे वळले होते.

दादांनी खजील व्हायचं कारण नाही. त्यांच्या बरोबर अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आहेत. जॉर्ज बुश त्या सकाळी फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथे एका प्राथमिक शाळेत होते. पुढे डिसेंबर २००१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २००२ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की वर्गात जाण्यापूर्वी आपण पहिलं विमान आदळताना टीव्हीवर पाहिलं. हे शक्यच नव्हतं. पहिल्या विमानाची बातमी त्यांना सहकाऱ्यांनी तोंडी दिली होती. संशयखोरांनी त्यावरून कटाच्या कथा रचल्या, ‘म्हणजे यांच्याकडे गुप्त चित्रण होतं तर!’ स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना त्यात काही गूढ दिसलं नाही. ऐकलेली बातमी आणि नंतर शेकडो वेळा पाहिलेलं दृश्य डोक्यात एकमेकांना चिकटलं होतं, एवढंच.

आता तुमच्या उरलेल्या निम्म्या भांडणाकडे येते, फोन की शेजारी? त्यासाठी आधी अल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगायला हवी.

२८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. आत सात जण होते, त्यांतली एक शाळेतली शिक्षिका. नाइसर आणि त्यांच्या सहकारी निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांच्या हातात कागद दिले: बातमी कशी कळली, कुठे होतात, काय करत होतात, कोण बरोबर होतं, लिहा. कागद जपून ठेवले. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. सात गुणांची परीक्षा होती. त्यांतले पाव विद्यार्थी शून्यावर बाद झाले, म्हणजे मुख्य गोष्टींतली एकही जुळेना. पैकीच्या पैकी गुण फक्त तिघांना. एका मुलीला बातमी वर्गात बोलणाऱ्या मुलामुलींकडून कळली होती. अडीच वर्षांनी ती ठामपणे सांगत होती, की आपण वसतिगृहाच्या खोलीत मैत्रिणीबरोबर टीव्ही पाहत होतो.

मला मात्र खरी गंमत वाटते ती पुढची. विद्यार्थ्यांना त्यांचेच जुने कागद दाखवले. अपेक्षा अशी, की आपलं अक्षर पाहिल्यावर तरी माणूस ‘अरेच्चा!’ म्हणेल आणि खरी आठवण परत येईल. ती कुणाचीच परत आली नाही. काही जण तर म्हणाले, अक्षर आमचंच आहे, पण घडलं होतं ते असं नाही.

हा प्रयोग करण्याची बुद्धी नाइसरना झाली ती स्वतःच्याच आठवणीमुळे. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा ते तेरा वर्षांचे व्हायला एकच दिवस बाकी होता. घरच्या बैठकीत रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, मध्येच बातमी आली आणि आपण जिन्यावरून धावत आईला सांगायला गेलो, ही आठवण त्यांनी कित्येक वर्षं उराशी बाळगली होती. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की अमेरिकेत डिसेंबरमध्ये बेसबॉल खेळतच नाहीत. इतकी वर्षं स्मृतीवर काम करणाऱ्या माणसाला हे सुचू नये! पुढे दोन संशोधकांनी जुन्या नोंदी तपासून त्यांची बाजू सावरली. त्या दिवशी रेडिओवर फुटबॉलचा सामना होता, पण दोन्ही संघांची नावं बेसबॉलच्या संघांचीच होती, जायंट्स आणि डॉजर्स, आणि मैदानही बेसबॉलचंच. थोडक्यात, रेडिओ खरा, धावणंही कदाचित खरं, आणि खेळ बदललेला. अशा आठवणी सहसा पूर्णपणे बनावट नसतात. त्यांत एखादा तुकडा जवळच्या दुसऱ्या तुकड्याच्या जागी जाऊन बसतो.

म्हणून तुमच्या बाबतीत मी एक अंदाज बांधते. अंदाजच, पुरावा नाही. दादांनी फोन केला असावा. तुम्ही टीव्ही लावलात, आणि दोघंही फोन कानाला लावून आपापल्या पडद्यावर तेच दृश्य पाहत, एकमेकांशी बोलत राहिलात. ‘आम्ही एकत्र पाहिलं’ हे दादांचं वाक्य त्या अर्थी पहिल्या दिवसापासून खरं होतं. वर्षानुवर्षं सांगताना मधला फोन गळून पडला, तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि अंगावर स्वेटरही चढला.

स्वेटरचं काय, असं दादा विचारतील. तर तपशील बारीक आहे म्हणजे तो खरा आहे, असं अजिबात नाही. जेनिफर टॅलॅरिको आणि डेव्हिड रुबिन यांनी १२ सप्टेंबर २००१ लाच ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या: आदल्या दिवशीची ती बातमी कळल्याची आणि त्याच सुमाराची कुठलीतरी साधी, घरगुती. पुढच्या आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा विचारलं. दोन्ही आठवणी सारख्याच वेगाने बदलत गेल्या. फरक एकाच गोष्टीत पडला. साध्या आठवणीवरचा विश्वास उतरत गेला, हल्ल्याच्या आठवणीवरचा तसाच चढा राहिला. दादांची खात्री त्या दिवसाच्या धक्क्यातून आलेली आहे. तिला साक्षीपुराव्यात धरता येत नाही. तुमच्या खात्रीलाही हेच लागू, बरं का.

आणि भाच्यांची साक्ष? ती अगदी प्रामाणिक असणार. त्यांनी ही गोष्ट बाबांच्या तोंडून ज्या रूपात ऐकली, त्या रूपात ती पाठ आहे. याच घटनेवर विल्यम हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक लोकांना दहा वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा विचारलं. आठवणीत सर्वांत जास्त पडझड झाली ती पहिल्या वर्षात. नंतर माणसं आपली आवृत्ती पक्की करतात आणि चुकीसकट तीच सांगत राहतात. त्यांचं आणखी एक निरीक्षण तुम्ही दोघांनीही ऐकण्यासारखं आहे. कुठे होतो आणि कुणाकडून कळलं यापेक्षा तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं, हेच लोक जास्त चुकीचं सांगतात. तेव्हा ‘मी किती घाबरले होते’ यावरून पुढचं भांडण सुरू करू नका.

खरोखरच निकाल हवा असेल, तर त्या आठवड्यातली डायरी, पत्र, ई-मेल शोधा. माणसांना विचारून आता उपयोग नाही.

बाईंना सप्रेम नमस्कार. मी आमच्या घराण्याचा इतिहास लिहितो आहे. आजी नव्वदीला टेकली आहे. ३० जानेवारी १९४८ बद्दल ती सांगते, की वर्गात गणिताचा तास चालू होता, मुख्याध्यापक आत आले, गांधीजी गेल्याचं त्यांनी सांगितलं आणि शाळा सोडून दिली. फळ्यावरचं अर्धवट गणितही ती सांगते. पण हत्येची वेळ तर संध्याकाळची आहे. हा प्रसंग लिहू की गाळू?

गाळू नका! आजींनी तुम्हाला दिलेला हा सर्वांत चांगला प्रसंग असेल.

वेळ तुमची बरोबर आहे. शुक्रवार होता, संध्याकाळचे ५ वाजून १७ मिनिटं, दिल्लीत बिर्ला भवनातली प्रार्थनासभा. त्याच संध्याकाळी बातमी रेडिओवरून देशभर गेली आणि पंडित नेहरू रेडिओवर बोलले. तेव्हा गणिताच्या तासाचा प्रसंग घडला असेल तर शनिवारी, ३१ तारखेला घडला असेल, हे सरळ दिसतं. कदाचित बातमी घरात आदल्या रात्रीच आली होती आणि एका लहान मुलीला ती कुणी नीट सांगितली नव्हती. कदाचित सांगितलीही असेल, पण मुख्याध्यापकांच्या तोंडून, सगळ्या वर्गासमोर ऐकली तेव्हाच ती तिला खरी वाटली. अशा वेळी स्मृती तो प्रसंग उचलून घटनेच्या तारखेवर नेऊन ठेवते. प्रसंग तसाच राहतो, सरकते ती तारीख.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींबद्दल मी मुळीच निराश नाही. डॉर्थे बर्ंटसेन आणि डॉर्थे थॉमसेन यांनी डेन्मार्कमधल्या वृद्धांना दोन दिवसांबद्दल विचारलं: ९ एप्रिल १९४०, जर्मन फौजा देशात घुसल्या तो दिवस, आणि ४ मे १९४५, सुटकेची बातमी रेडिओवर आली ती संध्याकाळ. मध्ये साठच्या आसपास वर्षं गेलेली. या बायांनी हुशारी अशी केली, की ज्याची नोंद सरकारदरबारी असते तेच विचारलं: हवा कशी होती, वार कुठला होता, बातमी किती वाजता आली. बऱ्याच म्हाताऱ्यांची उत्तरं नोंदींशी छान जुळली. तरुणांना हेच प्रश्न विचारले तेव्हा त्यांच्या अंदाजांना हे साधलं नाही. ज्यांचा प्रतिकार चळवळीशी संबंध आला होता, त्यांच्या आठवणी आणखी ठसठशीत होत्या.

तुम्हीही तसंच करा. पण एक पथ्य सांभाळा, आजींच्या तोंडात उत्तर घालू नका. ‘आजी, तो शनिवार होता ना?’ असं विचारलंत तर त्या ‘हो रे, शनिवारच’ म्हणतील, आणि पुढच्या वेळी स्वतःहून शनिवार सांगतील. हे किती सहज होतं ते सांगते. ४ ऑक्टोबर १९९२ ला ॲमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान राहत्या इमारतीवर कोसळलं. ते कोसळतानाचं चित्रण अस्तित्वातच नाही. दहा महिन्यांनी डच संशोधकांनी लोकांना विचारलं, विमान आदळल्याचं चित्रण तुम्ही टीव्हीवर पाहिलंत का? १९३ पैकी १०७ जण ‘हो’ म्हणाले. विमान कसं आलं, आग कधी लागली, हेही त्यांच्यातल्या कित्येकांनी सांगितलं. ‘चित्रण’ हा शब्द प्रश्नातच होता, बाकीचं काम प्रत्येकाच्या मनाने केलं.

त्यामुळे मोकळे प्रश्न विचारा. त्याआधी काय चाललं होतं? शाळेतून घरी कशा आलात? घरी कोण होतं, ते काय बोलत होते? घरच्या मोठ्या माणसांना सगळं आधीच ठाऊक होतं, असं एखादं वाक्य आजींच्या तोंडून आपसूक आलं, तर तुमचं कोडं तिथेच सुटेल. नाही आलं तरी पुस्तकात आजींचं निवेदन त्यांच्याच शब्दांत द्या आणि खाली एका ओळीत हत्येची वेळ द्या. वाचणारे शहाणे असतात. आजींना ती ओळ वाचून दाखवायची की नाही, हे तुम्ही ठरवा. मी दाखवली नसती.

मॅम, मी एकवीस वर्षांची आहे. आमच्या ग्रुपमध्ये सगळे आपापले ‘तेव्हा मी कुठे होतो’ किस्से सांगत होते. माझ्याकडे एकही नाही. कोरोनाची महासाथ जाहीर झाली तो दिवससुद्धा आठवत नाही. मी भावनाशून्य आहे का?

नाहीस. (मी ‘तू’ म्हणते, वयाने मला तेवढी सूट आहे.)

जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली ती ११ मार्च २०२० ला. तो दिवस मी ओळखीच्या कितीतरी जणांना विचारून पाहिला. एकालाही आठवत नव्हता, आणि त्यांत चांगली भावनाप्रधान माणसं होती. कारण त्या बातमीला क्षणच नव्हता. आज एक आकडा, उद्या दुसरा, मग एक बंदी, मग आणखी एक. अशा बातमीची तारीख इतिहासाच्या पुस्तकात असते, माणसाच्या डोक्यात नसते. सोव्हिएत संघाचंही तेच. गोर्बाचेव्ह यांनी २५ डिसेंबर १९९१ ला राजीनामा दिला आणि एक महासत्ता संपली, पण इतके महिने ती डोळ्यांदेखत विरघळत होती, की ‘तेव्हा मी कुठे होतो’ असं सांगणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. शिवाय तुमच्या पिढीला बातमी फोनवर येते, आणि फोन तर दिवसभर हातातच असतो. रेडिओवरचा कार्यक्रम मध्येच थांबायचा किंवा कुणीतरी धापा टाकत दारात येऊन उभं राहायचं, तेव्हा त्या व्यत्ययाचीच आठवण व्हायची. तुझ्या फोनवर व्यत्यय नाही असा तास तरी असतो का?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. या आठवणींना ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ हे नाव दिलं रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी, १९७७ मध्ये. त्यांनी ८० अमेरिकनांना विचारलं, ४० गोरे आणि ४० कृष्णवर्णीय. केनेडींच्या हत्येची बातमी कुठे कळली हे ८० पैकी ७९ जण सांगू शकले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येबद्दल मात्र आकडे फाटले: कृष्णवर्णीयांपैकी ३०, गोऱ्यांपैकी १३. देश एक, वर्तमानपत्रं तीच, टीव्ही तोच. ब्रिटनमध्येही असंच दिसलं. मार्गारेट थॅचर यांनी २२ नोव्हेंबर १९९० ला राजीनामा जाहीर केला. अकरा महिन्यांनी पाहिलं तर ब्रिटिशांपैकी ८६ टक्क्यांना ती बातमी कळल्याचा क्षण तपशीलवार आठवत होता, बाहेरच्या देशांतल्या लोकांपैकी २९ टक्क्यांना. ज्या बातमीने आपलं स्वतःचं काही हलतं, तीच अशी चिकटते.

तुझ्या वाट्याला अजून तशी सार्वजनिक बातमी आलेली नाही, इतकंच. घाई नको.

परदेशात राहणारे माझे एक स्नेही शपथेवर सांगतात, की केनेडींना गोळी लागताना त्यांनी त्याच दिवशी टीव्हीवर पाहिलं. ते तेव्हा अमेरिकेत शिकत होते. खरं मानावं का?

नाही. २२ नोव्हेंबर १९६३ चं ते प्रसिद्ध चित्रण डॅलसमधले एक कापडव्यावसायिक, अब्राहम झप्रूडर, यांनी घरगुती कॅमेऱ्यावर केलं होतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाहिनीवर ते पहिल्यांदा दिसलं मार्च १९७५ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. पण तुमच्या स्नेह्यांनी टीव्हीवर थेट एक खून पाहिलेला असू शकतो. केनेडींचा संशयित मारेकरी ओस्वाल्ड याला २४ नोव्हेंबरला पोलिसांच्या गराड्यात जॅक रुबीने गोळी घातली, आणि ती लाखो लोकांनी घरबसल्या पाहिली. दोन दिवसांच्या अंतराने दोन गोळीबार, त्यातला एकच पडद्यावर दिसलेला. गाठ कुठे बसली असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आनंदाच्या बातम्याही अशाच लक्षात राहतात का? सगळी उदाहरणं मरणाचीच का?

राहतात, पण आनंदात माणूस तपशिलाकडे जरा कमी लक्ष देतो असं दिसतं. ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत कोसळली, त्याबद्दल जर्मनांना विचारलं गेलं. ज्यांना आनंद झाला होता ते तो दिवस जास्त रंगवून, जणू पुन्हा जगत असल्यासारखा सांगत होते, पण वस्तुस्थितीत चुका त्यांच्याच जास्त होत्या. बेसबॉलच्या चाहत्यांवरही एक अभ्यास झाला आहे, २००४ च्या बॉस्टन विरुद्ध न्यूयॉर्कच्या निर्णायक सामन्यावर. हरलेल्यांच्या आठवणी जास्त टिकून होत्या. जिंकलेल्यांकडे टिकून होती ती खात्री. (पराभव चेंडूगणिक आठवणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही असा मी याचा सोयीस्कर अर्थ काढते.)

मी शिक्षक आहे. यापुढे अशी मोठी घटना घडली तर मुलांकडून तिची नोंद लिहून घ्यावी असं मनात आहे. काय लिहून घेऊ? आणि कधी?

उत्तम कल्पना. मी वर्गात हे केलेलं आहे आणि त्याचा फायदा मुलांपेक्षा मलाच जास्त झाला.

शक्यतो दुसऱ्याच दिवशी लिहून घ्या. आठवडा उलटला की मुलांनी एकमेकांचे किस्से ऐकलेले असतात, आणि ज्याचा किस्सा चांगला त्याचे तुकडे बाकीच्यांच्या कागदांत यायला लागतात. लिहिताना बोलू देऊ नका, आणि ‘तुला किती वाईट वाटलं?’ असले प्रश्न तर नकोतच. ते वाईट वाटायलाच हवं अशी सूचना असते. कुणी लिहिलं, ‘मला भूक लागली होती’, तर ते तसंच राहू द्या.

काय विचारायचं यासाठी ब्राउन आणि कुलिक यांची चौकट अजूनही चालते: कुठे होतास, काय करत होतास, कुणी सांगितलं, सांगणाऱ्याचा चेहरा कसा होता, तुला काय वाटलं, लगेच पुढे काय केलंस. त्यात माझी एक भर: बातमीशी काडीचा संबंध नसलेली त्या वेळची एक गोष्ट लिही. पुढे अशीच गोष्ट सर्वांत कामाची ठरते, कारण ती कुठल्याही टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवली जात नाही. १८९९ मध्ये कोलग्रोव्ह नावाच्या संशोधकाने १७९ प्रौढ आणि वृद्धांना, लिंकन यांच्या हत्येची बातमी कुठे कळली, असं विचारलं होतं. घटनेला तेहेतीस वर्षं झाली होती, तरी १२७ जणांनी तपशीलवार सांगितलं. एक बाई तेव्हा आपल्या पदवीदान समारंभाच्या खरेदीसाठी वडिलांबरोबर गाडीतून शहराकडे निघालेली होती. ते खरंच तसंच घडलं होतं का, हे कोलग्रोव्ह तपासू शकला नाही, कारण तिने त्या दिवशी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. तुमच्या मुलांचं तसं होणार नाही.

कागद तुमच्याकडेच ठेवा. मुलांना घरी दिलेत तर ती ते पुन्हा पुन्हा वाचतील आणि मग त्यांना घटना आठवते आहे की कागद, हे कळणार नाही. वर्ष-दोन वर्षांनी कोरे कागद देऊन पुन्हा लिहायला सांगा आणि त्यानंतरच जुने काढा. एखादं मूल म्हणेल, ‘सर, हे मी लिहिलेलं नाही.’ त्याच्याशी वाद घालू नका. दोन्ही कागद त्याला द्या, दोन्हींवर तारीख घालून. ही तारीख घालायचं तेवढं विसरू नका. मी पाहिलेल्या अशा कागदांवर बहुतेक वेळा तीच नसते.